निनवेची देवी निनवेला परत पाठवा

नवरात्र जवळ आले की व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरू लागते. खांद्यांमागून पंख आणि शस्त्रे डोकावणारी एक स्त्री सिंहाच्या पाठीवर पाय रोवून उभी असते. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते की ही मितन्नी राज्यातील हुरियन लोकांची प्रेमाची आणि युद्धाची देवी शाउश्का, म्हणजेच आपली सिंहवाहिनी दुर्गा; सबब साडेतीन हजार वर्षांपूर्वी सिरिया आणि इराकपर्यंत वैदिक संस्कृतीचा अंमल होता. तासाभरात तितक्याच ठाम सुरात उलट उत्तर येते: सिंहावरची देवी मुळात बाबिलोनकडची, आपली दुर्गाच तिकडून आलेला आयात माल. मग दोन्ही बाजूंची जुंपते आणि दसरा उलटेपर्यंत चालते. गंमत अशी की ते चित्र बहुधा शाउश्काचे नसतेच. ते अक्कडकालीन दंडगोल मुद्रेवरील, मेसोपोटेमियाची देवी इश्तार हिचे असते, म्हणजे मितन्नी राज्य उदयाला येण्याच्या किमान पाचशे वर्षे आधीचे. ज्या देवीवरून एवढे रण माजते, तिचा चेहरासुद्धा भांडणाऱ्या दोघांपैकी एकानेही पाहिलेला नसतो.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. शाउश्का ही दुर्गा नव्हे आणि दुर्गा ही शाउश्काची नक्कल नव्हे, इतके तर थोड्या अभ्यासानेही कळते. मला त्यापुढे जाऊन असे म्हणायचे आहे की ‘इश्तारचे हुरियन नाव’ एवढ्या तीन शब्दांत तिची बोळवण करणेही चूक आहे, मग ती एखाद्या प्रतिष्ठित कोशात का केलेली असेना. प्राचीन पश्चिम आशियात एका देवाला दुसऱ्याच्या बरोबरीला बसवणे हा भाषांतराचा व्यवहार होता. तो कोणी केला, कोणत्या कामासाठी केला आणि त्यात मूळ नावाचे काय झाले, हे न विचारता नुसते समीकरण उचलले, तर ज्यांची ती देवी होती ते हुरियन लोकच चर्चेतून नाहीसे होतात. आपल्याकडच्या वादात नेमके हेच घडले आहे. दोन्ही पक्ष भारत आणि बाबिलोन यांच्यात भांडत बसतात, आणि ज्यांच्या घरचे हे दैवत आहे त्या यजमानांना कोणी ओसरीवरही बसू देत नाही.

हे यजमान कोण होते? उत्तर इराक, ईशान्य सिरिया आणि आग्नेय तुर्कस्तान या पट्ट्यात इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापासून हुरियन भाषा बोलणारे लोक राहत होते. त्यांची भाषा बाबिलोन-असिरियाच्या अक्कडीसारखी सेमिटिक नव्हती आणि संस्कृत किंवा प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्तीसारखी इंडो-युरोपीयही नव्हती. तिचे निश्चित नाते सांगता येते ते फक्त पुढच्या काळातील उरार्तू राज्याच्या भाषेशी. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना हुरियन लेख उर्केशचा राजा तिश-अताल याने मंदिराच्या पायात पुरलेल्या शिळेवर आहे, आणि त्या शिळेबरोबर ब्राँझचा एक सिंहही होता. (सिंह दिसला की देवी शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी: ते मंदिर शाउश्काचे नव्हते.) शाउश्काचे मुख्य ठाणे म्हणजे आजच्या मोसुल शहरालगतचे निनवे. तिचा पहिला लेखी उल्लेख मोठा साधा आहे. दक्षिण इराकमधील द्रेहेम येथे उरच्या राजांचे जनावरांचे मोठे कोठार होते. तिथल्या जमाखर्चाच्या एका मातीच्या पाटीवर, शुल्गी राजाच्या ४६व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. एकविसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, निनवेच्या ‘शाउशा’साठी एक मेंढरू खर्ची टाकल्याची नोंद आहे. ज्या कारकुनाच्या भाषेत इश्तारसाठी ‘इनन्ना’ हे नाव सहज उपलब्ध होते, त्यानेही तिचे परके नाव जसे ऐकले तसे लिहून ठेवले. त्या नावाचा अर्थ अभ्यासक ‘महान ती’, ‘थोरली’ असा लावतात. आपल्याकडे गावदेवीला थोरली आई म्हणावे, तसेच काहीसे.

आता विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांनी वादाचे नुकसानच केले आहे. मितन्नी राज्यात भारतीय-आर्य भाषेचे ठसे निर्विवादपणे आहेत. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, म्हणजे हित्तींच्या राजधानीत हत्तुसात, १९०६ आणि १९०७ साली ह्युगो विंकलर याने केलेल्या उत्खननात हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाझा यांच्यातील तह सापडला. इ.स.पू. चौदाव्या शतकातील या तहाच्या साक्षीदार देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावे आहेत. त्याच दफ्तरातील घोडे पढवण्याच्या ग्रंथात मितन्नीचा किक्कुली रिंगणाच्या फेऱ्या मोजतो त्या ‘ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न’ अशा; मराठी माणसाला यासाठी कोशाची गरज पडू नये. राजांची नावेही तशीच. तुश्रत्त या नावामागे ‘त्वेषरथ’ असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे सगळे मान्य करून मी पुढचा प्रश्न विचारतो: या पुराव्यातून शाउश्काबद्दल काय सिद्ध होते?

तहातील ती यादी शांतपणे वाचून पाहावी. यादीच्या अग्रभागी स्वर्ग आणि पृथ्वीचा स्वामी असलेला वादळदेव आहे, ज्याला हुरियन लोक तेशुब म्हणत. मग चंद्र, सूर्य, हर्रानचा चंद्रदेव, निरनिराळ्या गावांचे वादळदेव, अनु, अन्तु, एन्लिल, निन्लिल असे करत करत मधल्या टप्प्यावर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य येतात. त्यानंतर पुन्हा मितन्नीची राजधानी वाश्शुकन्नी हिचा वादळदेव, नबर्बी, शुरुही, आणि त्यांच्याही नंतर इश्तारच्या चिन्हाने लिहिलेली देवी येते. ज्या लेखकाला इंद्राचे नाव इंद्र म्हणून लिहिता येत होते, त्याला एखादी वैदिक देवी लिहायची असती तर तिचे नाव लिहिण्यापासून कोणी अडवले होते? ऋग्वेदात उषा आहे, सरस्वती आहे, वाक् आहे. यातील एकही त्या यादीत नाही. देवीमाहात्म्यातील महिषासुरमर्दिनी तर या तहानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी ग्रंथरूपात अवतरते. मितन्नीच्या राजघराण्यात रथ, घोडे आणि राजांची नावे यांच्याबरोबर चार देवही भारतीय-आर्य परंपरेतून आले होते, पण राज्यातील देवतांचा मोठा संसार हुरियनच राहिला. तुश्रत्तच्याच घरात पाहा: बापाचे नाव त्वेषरथाच्या घराण्यातले, लेकीचे नाव तदु-हेपा, ज्यात तेशुबची पत्नी हेपा आहे, आणि राजा संकटसमयी नाव घेतो ते शाउश्काचे. अशा घराला निव्वळ वैदिक म्हणणे म्हणजे पंगतीतल्या चार पाहुण्यांच्या पागोट्यांवरून यजमानाची जात ठरवण्यासारखे आहे.

दुसरी हरकत अधिक विद्वत्तापूर्ण आहे, आणि ती मला अधिक अडचणीत टाकते. ती अशी की शाउश्का आणि इश्तार यांची बरोबरी आजच्या अभ्यासकांनी केलेली नाही, ती त्या काळच्या लेखनिकांनीच केली आहे. हत्तुसाच्या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी तिच्यासाठी इश्तारचेच चिन्ह वापरलेले आहे. सिरियाच्या किनाऱ्यावरील उगारित नगराच्या लेखनिकांनी तर देवतांच्या बहुभाषी याद्या केल्या होत्या, ज्यांत एका रकान्यातल्या देवासमोर दुसऱ्या भाषेतला त्याचा जोडीदार लिहिलेला असे. मग त्यांनीच ज्या दोघींना एक म्हटले, त्यांना वेगळे म्हणणारे आपण कोण? प्रश्न रास्त आहे. पण चित्रलिपीतून निघालेल्या त्या लेखनपद्धतीत एक चिन्ह अनेक भाषांत अनेक प्रकारे वाचले जात असे, हे विसरून चालणार नाही. पाचाचा आकडा मराठी माणूस ‘पाच’ असा वाचतो, तेलुगू माणूस ‘ऐदु’ आणि तमिळ माणूस ‘ऐन्दु’. आकडा एक म्हणून तिघांची भाषा एक ठरत नाही. इश्तारचे चिन्ह निनवेच्या संदर्भात हुरियन वाचक शाउश्का असे वाचत, आणि त्याच चिन्हाला हित्ती प्रत्यय लावलेला दिसला तर तिथे अंझिली नावाची तिसरीच देवी अभिप्रेत असे. आकडा तर निदान सगळीकडे एकाच संख्येचा वाचक असतो. हे चिन्ह ‘या जातकुळीची देवी’ इतकेच सांगत होते.

शिवाय ज्यांनी ही बरोबरी केली, ते लोक ती कितपत गंभीरपणे घेत होते याचा पुरावाही त्यांच्याच लेखनात आहे. हित्ती तहांमध्ये साक्षीला बोलावताना इश्तार, रानातली इश्तार, निनवेची इश्तार आणि हत्तरिनाची इश्तार अशा वेगवेगळ्या देवी ओळीने येतात. असिरियाच्या एसरहद्दोन राजाने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या वारसासाठी घ्यायला लावलेल्या शपथेत निनवेची इश्तार आणि अर्बेलाची इश्तार या दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. एकच देवी असती तर तिची साक्ष दोनदा कशाला काढायची? हत्तुशिली तिसरा याने पुतण्या उर्ही-तेशुब याला पदच्युत करून गादी मिळवली, आणि त्याचे समर्थन करणारे जे दीर्घ आत्मनिवेदन लिहवून घेतले, त्यात तो आपले सगळे श्रेय देतो ते शामुहा गावच्या देवीला. लहानपणी तो आजारी असे. देवीने स्वप्नाद्वारे बापाला निरोप दिला की याची वर्षे थोडी आहेत, याला माझ्या सेवेला दे, हा जगेल. त्याची राणी पुदुहेपा ही लावझान्तिया गावच्या देवीच्या पुजाऱ्याची मुलगी. लेखनात दोन्ही देवींना चिन्ह एकच, पण शामुहाची ती शामुहाची आणि लावझान्तियाची ती लावझान्तियाची.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची वेळ यावी, याचेच मला नवल वाटते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई आणि वणीची सप्तशृंगी या सगळ्या आदिशक्तीच, असे आपण एका श्वासात म्हणतो. पण कुळाचार वेगळा, नवस वेगळा, ओटी वेगळी. कुलदैवत माहूरचे असलेल्या घराला तुळजापूरला जाऊन कुळधर्म फेडता येत नाही. शिवरायांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली म्हणून तुळजापूरचे महत्त्व तसूभरही कमी झाले नाही. हित्तींमध्येही तुधलिया राजाने रात्रीच्या देवीला किझ्झुवत्ना येथील तिच्या मंदिरातून ‘विभागून’ शामुहात नवे ठाणे दिल्याची नोंद आहे, आणि अशा विभाजनाचा विधीच मुळी लिहून ठेवलेला आहे. कोल्हापूरच्या देवीला विष्णुपत्नी महालक्ष्मी म्हणावे की अंबाबाई, यावर आपल्याकडे केवढे वादंग झाले! नावाच्या एका बदलाने देवीचे नाते, तिच्यासमोर म्हणायचे स्तोत्र आणि तिला नेसवायचे वस्त्र बदलते, हे ज्या समाजाला इतके नेमके कळते, त्याने शाउश्काला एका फटक्यात दुर्गा किंवा इश्तार करून टाकावे, हे चमत्कारिक आहे.

नाव पुसले गेले की काय होते, याचे उत्तम उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. ज्युलियस सीझरने गॉल लोकांविषयी लिहिताना नोंदवले की ते सर्वांत जास्त भजतात ते मर्क्युरीला, आणि त्यानंतर अपोलो, मार्स, ज्युपिटर व मिनर्व्हा यांना. गॉल लोकांच्या तोंडी यातले एकही नाव नव्हते. सीझरने रोमन वाचकाची सोय पाहिली, आणि त्यामुळे त्याचा ‘मर्क्युरी’ म्हणजे नेमका कोणता देव, यावर पंडित अजून अटकळी बांधत आहेत. याउलट इंग्लंडमधील बाथच्या उष्ण झऱ्यापाशी लोकांनी ‘सुलिस मिनर्व्हा’ असे जोडनाव वापरले, म्हणून आज आपल्याला सुलिस नावाची देवी ठाऊक आहे. बरोबरी दोन्हीकडे केली गेली. पण एका बरोबरीने मूळ देवाला गिळले आणि दुसरीने त्याला शेजारी बसवले. शाउश्काच्या बाबतीत आपले नशीब बरे की काही लोकांनी तिचे नाव अक्षरशः उच्चारून लिहिले. तुश्रत्तने फारोला पाठवलेले एक लांबलचक पत्र हुरियन भाषेतच आहे, आणि त्यात निनवेच्या शाउश्काचे नाव स्पष्ट येते. सगळे काही चिन्हातच लिहिले गेले असते, तर आज भांडायला तरी कोण उरले असते?

याच तुश्रत्तचे दुसरे पत्र म्हणजे या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. इजिप्तमधील अमार्ना येथे १८८७ साली सापडलेल्या पाट्यांपैकी ही एक, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काळ इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या मध्याचा. तुश्रत्तची मुलगी तदु-हेपा तिसऱ्या अमेनहोतेपच्या राणीवशात आहे. म्हणजे पत्र सासऱ्याचे जावयाला, पण दोन राजांच्या रिवाजाप्रमाणे ‘बंधू’ या संबोधनाने. क्षेमकुशल झाल्यावर पत्रात बोलते ती देवी: सर्व देशांची स्वामिनी निनवेची शाउश्का म्हणते, मला आवडत्या देशाला, इजिप्तला, जायचे आहे आणि मग परत यायचे आहे. म्हणून मी तिला पाठवत आहे. पूर्वी माझ्या वडिलांच्या काळीही ती गेली होती आणि तेव्हा तिचा मान राखला गेला. आता बंधूने त्याच्या दसपट मान राखावा, तिला आनंदाने निरोप द्यावा आणि ती परत यावी. तिने आम्हा दोघांचे एक लाख वर्षे रक्षण करावे. आणि मग पत्राची अखेरची ओळ: शाउश्का ही काय माझ्या एकट्याचीच देवी आहे, माझ्या बंधूची नाही? पत्र ओल्या मातीवर बाणाकृती लिपीत कोरलेले. त्याच्या खाली इजिप्शियन कारकुनाने काळ्या शाईने, आपल्या लिपीत, तीन ओळींत आवक नोंदवली आहे: वर्ष ३६, हिवाळ्याचा चौथा महिना, दिवस पहिला. देवी आली, दफ्तरात चढली.

ही अखेरची ओळ ‘सर्व देवी एकच’ असे मानणाऱ्यांना आपल्या बाजूची वाटेल. पण तुश्रत्तने काय लिहिलेले नाही, ते पाहावे. इजिप्तकडे प्रेमाची हथोर होती, संहाराची सेखमेत होती. ‘ही तुमची हथोरच समजा’ असे लिहिणे सोपे होते, आणि पाहुणचाराला सोयीचेही. तो तसे लिहीत नाही. दुसऱ्या पत्रांतही आशीर्वाद मागताना तो आपला तेशुब आणि इजिप्तचा आमोन ही दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवतो; एकाला दुसऱ्यात विरघळवत नाही. इथेही त्याची अपेक्षा आहे की फारोने निनवेच्या देवीला निनवेची म्हणूनच भजावे, तिचा मान राखावा आणि तिला परत पाठवावे. देवी दोघांची होऊ शकते, पण तिचे घर बदलत नाही. तुळजापूरची मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रेला जाते आणि सीमोल्लंघनालाही निघते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना प्रवास करूनही आपल्या ठाण्याचीच राहणारी देवी समजायला अडचण पडू नये.

‘प्रेमाची आणि युद्धाची देवी’ हे बिरुदही असेच घाईने चिकटवलेले आहे. सरकारी खात्यांप्रमाणे तिच्याकडे दोन विभाग होते, अशी त्यातून समजूत होते. हत्तुसात सापडलेला निनवेच्या देवीच्या आवाहनाचा विधी वाचला की चित्र पालटते. पुजारी तिला हाक मारतो: तू निनवेत असशील तर निनवेहून ये, आणि मग एकामागून एक देशांची नावे घेत तिथून तिथून ये. राजाराणीला आयुष्य आणि आरोग्य दे, धान्य दे, गुरेढोरे दे. आणि शत्रूच्या पुरुषांचे पौरुष, धैर्य, बळ, त्यांची धनुष्ये, बाण आणि खंजीर काढून घे. त्यांच्या हातात चाती आणि आरसा दे, त्यांना स्त्रियांची वस्त्रे नेसव. त्यांच्या स्त्रियांकडून मातृत्व आणि प्रेम काढून घे. इथे शृंगार आणि संगर या दोन गोष्टी उरतच नाहीत. माणसाचे माणूसपण ज्या कशाने ठरते, ते देण्याची आणि हिरावण्याची एकच सत्ता तिच्या हाती आहे. रणांगणावर ती शत्रूचा हात ढिला करते आणि शय्येवर इच्छा जागवते, ती याच एका सत्तेने.

हुरियन पुराणकथांतही तसेच. समुद्रातील हेदम्मू हा अवाढव्य सर्प देशच्या देश खात सुटतो, तेव्हा तेशुबची ही बहीण न्हाऊन, अत्तरे लावून, नटूनथटून किनाऱ्यावर जाते, तिच्या दासी निनत्ता आणि कुलित्ता वाद्ये वाजवतात, आणि सर्प भुलतो. ते तिचे लढणेच होते. पुढे दगडाचा राक्षस उल्लिकुम्मी वाढू लागतो तेव्हा ती पुन्हा किनाऱ्यावर जाऊन गाते. या वेळी समुद्रातून एक मोठी लाट उठते आणि तिला विचारते: तू कोणापुढे गात आहेस? तो बहिरा आहे, त्याला ऐकू येत नाही. आंधळा आहे, त्याला दिसत नाही. शाउश्का हातातली वाद्ये फेकून देते. इच्छाच नसलेल्या दगडापुढे तिचे काही चालत नाही, इतकी तिच्या सत्तेची मर्यादा त्या कवीला नेमकी माहीत होती. दुर्गेच्या कथेत हा प्रसंग कुठे बसवणार? हत्तुसाजवळच्या यझिलिकाया या उघड्या कातळमंदिरात इ.स.पू. तेराव्या शतकातील शिल्पपट आहे. एका भिंतीवर देवांची रांग, समोरच्या भिंतीवर देवींची, आणि मध्यभागी तेशुब आणि हेपा समोरासमोर. पंख असलेली शाउश्का तिथे देवांच्या, म्हणजे पुरुषांच्या रांगेत चालते आहे आणि तिच्या मागोमाग त्या दोन दासी. देवींच्या रांगेतही तिला स्थान आहे. यावरून अलीकडे काही जण तिला आजच्या लिंगभावाच्या चर्चेतील एखादे नाव देऊ पाहतात. स्त्री आणि पुरुष या सीमेवर तिचा अधिकार होता, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे आणि ते पूर्वी दुर्लक्षिले गेले होते हेही खरे. परंतु आवाहनात हा अधिकार शत्रूवर शाप म्हणून मागितलेला आहे, हे वगळून तिला आपल्या बाजूची साक्षीदार करणे म्हणजे पुन्हा तेच: पाटीवरचे अर्धे वाचायचे आणि उरलेले आपल्या गरजेने भरायचे.

आता ‘दुर्गा आयात केली’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांचाही एक मुद्दा भक्कम आहे, आणि गमतीचा भाग असा की तो ते क्वचितच मांडतात. कुशाण राजांच्या नाण्यांवर सिंहावर बसलेली ‘नना’ आहे. अफगाणिस्तानात १९९३ साली सापडलेल्या रबातक शिलालेखात कनिष्क म्हणतो की मला राज्य ननाकडून आणि सर्व देवांकडून मिळाले. या ननाच्या मुळाशी मेसोपोटेमियातील नानाया ही देवी आहे. दुर्गेच्या मूर्तीत सिंह येण्यामागे या ननाच्या प्रतिमेचा हात असावा, हे काही इतिहासकारांचे मत मला पटण्यासारखे वाटते. मथुरेच्या कुशाणकालीन महिषमर्दिनींपैकी अनेकींजवळ सिंह नाही, हेही त्याला पोषक आहे. पण यातून काय सिद्ध होते? एक वाहन आले, असे फार तर म्हणता येईल. रेड्याशी झुंजणारी, नंतर सर्व देवांच्या तेजातून साकारणारी ती देवी, तिची कथा आणि तिचे व्रत यांतले काहीही नानायाकडे नाही. शिवाय नानाया ही इश्तार नव्हे आणि शाउश्काही नव्हे, ती तिसरी. आयातवाद्यांनीही शेवटी तेच केले जे त्यांचे प्रतिपक्षी करतात: सिंह मोजले आणि देवी विसरले. शाउश्काचे म्हणाल तर शामुहाच्या देवीच्या मूर्तीचे हित्ती वर्णन उपलब्ध आहे. ती बसलेली आहे, खांद्यांतून पंख निघाले आहेत, हातात सोन्याचा पेला आहे. खाली बैठक, बैठकीखाली चांदीने मढवलेला ‘अविती’ नावाचा प्राणी, आणि दोन बाजूंना निनत्ता आणि कुलित्ता. या ‘अविती’चे भाषांतर सरळ ‘सिंह’ असे करून मोकळे होणारे लोक दोन्ही पक्षांत आहेत.

एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो वादपटूंचा नाही, भक्तांचा आहे. सर्व रूपे एकाच शक्तीची, ‘या देवी सर्वभूतेषु’ असे आम्ही मानतो; मग निनवेची असो वा तुळजापूरची, तिला एक म्हटले तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. हे श्रद्धेचे विधान आहे, आणि श्रद्धेला पुरातत्त्वाकडून परवाना घ्यावा लागत नाही. पण तेच विधान इतिहासाच्या फडात आणून ‘म्हणून ती इथून तिथे गेली’ किंवा ‘तिथून इथे आली’ असे म्हणू लागलो, की त्याला तारखा, पाट्या आणि भाषा यांचे हिशेब द्यावे लागतात. भक्त सगळ्या देवींना एका शक्तीत पाहतो तेव्हा त्यातली एकही लहान होत नाही. आपले फॉरवर्ड मात्र एकीला मोठी करण्यासाठी दुसरीला पुसून टाकते.

मितन्नी राज्य इ.स.पू. चौदाव्या शतकातच मोडकळीला आले आणि निनवे असिरियाकडे गेले. हत्तुसाही इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुमारास ओस पडले. ज्यांना वाटते की शाउश्का हे इश्तारचे जुने, गळून पडलेले नाव होते, त्यांनी त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी काय घडले ते पाहावे. असिरियाचा राजा दुसरा सार्गोन, ज्याच्या घरी, दरबारी आणि देवळात भाषा अक्कडी आणि देवी इश्तार, तो इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस दूर-शर्रुकिन ही नवी राजधानी वसवतो. त्या नगराच्या उभारणीच्या हकिकती मातीच्या दंडगोलांवर लिहून भिंतींत पुरल्या जातात. त्यात काम सुरू करण्यापूर्वी राजाने कोणापुढे हात जोडले ते सांगताना निनवेच्या भयंकर देवीचा उल्लेख येतो, आणि लेखनिक इश्तारचे चिन्ह न वापरता एकेक अक्षर फोडून लिहितो: शा-उश्-का.